बाईंचा तिसरा प्रश्न

मोठ्या बाई प्रोग्रॅम मोठ्याने वाचायच्या, आणि तोही मराठीत. पडद्यावर वाचलेलं त्यांना चालत नसे. आधी कागदावर छापायचं. मग त्या चष्मा कपाळावर सरकवणार, कागद नाकाजवळ आणणार आणि एकेका ओळीवर लाल पेन टेकवत वाचू लागणार. कंस, चांदण्या, प्रश्नचिन्हं यांच्या रानातून एखादं साधं वाक्य बाहेर यायचं. 'या खोलीत जा. ज्यांच्या नावाच्या शेवटी अमुक आहे, त्या सगळ्यांना एकेक करून बोलवा. काम झालं की घरी पाठवा.' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या कोणाची तरी थट्टा करताहेत. आजूबाजूला पाहिलं तर कोणीच हसत नव्हतं.

आमचं ऑफिस कसबा पेठेत, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या एका दुकानावर होतं. खाली ठोकाठोक चालायची आणि वर आम्ही आठ जण छोट्या दवाखान्यांच्या लॅबमधले कॉम्प्युटर सांभाळायचो. रक्त तपासणारं यंत्र आकडे देणार, ते आकडे नीट मांडून डॉक्टरांपर्यंत पोचवणारे हुकूम आम्ही लिहिणार. कॉम्प्युटरला असे लेखी हुकूम ज्याच्यातून द्यायचे त्याला शेल म्हणतात. अडचण एवढीच की शेल सगळीकडे एका वयाचं नसतं. कुठे नवं, कुठे दहा वर्षांपूर्वीचं आणि लोणी काळभोरच्या एका रुग्णालयात तर माझ्याहून वयाने मोठं. नव्याला जे कळतं ते जुन्याला कळेलच असं नाही. नेमकं काय कळत नाही, हे आमच्यात एकट्या बाईंना ठाऊक होतं.

'मोठ्या बाई' हे नाव त्यांना कोणी दिलं माहीत नाही. मी इंग्रजी शाळेतली. आमच्याकडे प्रिन्सिपल मॅडम होत्या आणि त्या काचेच्या दाराआड बसायच्या. मराठी शाळेत मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतात, हे मला निनादने सांगितलं. निनाद माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि मी न विचारलेल्या बऱ्याच गोष्टी मला सांगायचा. बाईंची उंची पाच फुटांहून कमी होती. खुर्चीवर बसल्या की त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून टेबलाखाली जुन्या प्रिंटरचं खोकं ठेवलेलं असायचं. वय एकसष्ट. आम्हा सगळ्यांना, अगदी कॉलेजमधून परवा आलेल्यालाही, त्या 'तुम्ही' म्हणायच्या. त्या 'तुम्ही'ने माणूस मोठा होत नसे, सरळ बसत असे.

त्यांचा नियम असा होता की कोणताही हुकूमनामा बाहेर जाण्याआधी लिहिणाऱ्याने त्यांच्यासमोर तो तसाच मराठीत वाचायचा. त्यात जिथे जिथे नावं जुळवायची जागा येईल, म्हणजे 'अशा अशा नावाच्या फायली घे' असं चांदणी, म्हणजे * ही खूण, वापरून सांगितलेलं असेल, तिथे त्या पेन टेकवायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या.

'आत कोण?'

'बाहेर कोण?'

'आणि कोणीच आलं नाही तर?'

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळे द्यायचे. तिसऱ्यापाशी अडायचं. कारण आम्ही ज्या शेलवर शिकलो होतो, तिथे एक सोय होती. ती चालू केली की जुळणारं कोणीच नसलं तर काही घडत नाही, गोष्ट तिथेच संपते. जुन्या शेलमध्ये ती सोयच नाही. तिथे कोणी जुळलं नाही की चांदणी स्वतःच उठून, फाईलचं नाव असल्यासारखी, आत येते. दारावरच्या माणसाला सांगावं की येणाऱ्यांना आत घे, आणि कोणीच आलं नाही म्हणून त्याने आमंत्रणपत्रिकाच पाटावर बसवावी, तसं. हे उदाहरण बाईंचंच. 'आणि मग आपण त्या पत्रिकेला जेवायला वाढतो,' असं त्या पुढे म्हणायच्या.

एकदा निनाद म्हणाला, मॅडम, माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतंय. बाईंनी त्याच्या लॅपटॉपकडे कौतुकाने पाहिलं. 'छान. लोणीच्या पेशंटना तुमच्या टेबलापाशी रांग लावायला सांगते.'

मला त्या वाचनाची भीती वाटायची. कामाची नव्हे, बोलण्याची. शाळेत पहिलीपासून माझं मराठी घरापुरतं होतं. भाजीत मीठ कमी आहे, आजी झोपली आहे, एवढं. 'ज्यांच्या नावाची सुरुवात आकड्याने होत नाही असे सगळे' हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलेलं नव्हतं. चार जणांसमोर ते उच्चारताना माझा आवाज इतका बारीक व्हायचा की खालच्या ठोकाठोकीत हरवून जायचा. बाई थांबायच्या. ठोके थांबेपर्यंत थांबायच्या आणि मग म्हणायच्या, 'हं, आता.' मोठ्याने बोला, असं त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत.

एका गोष्टीसाठी मात्र मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडायचे. जे जुन्या मशीनवर जाणार आहे, ते आधी ऑफिसातल्या जुन्या मशीनवर चालवून बघायचं. लोणीच्या मशीनचं हे जुळं भावंड बाईंच्या टेबलाशेजारी कोपऱ्यात होतं, जुन्या चादरीचं आवरण शिवून झाकलेलं. ते सुरू व्हायला दहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ बाईंच्या शेजारी स्टुलावर बसायचं. त्या काही विचारत नसत, पण ऑफिसातला प्रत्येक जण येताजाता बघायचा. मला कोणी बघितलेलं आवडत नाही. हे कारण आता लिहिताना फार क्षुल्लक दिसतंय. तेव्हा ते पुरेसं होतं.

त्या शुक्रवारी मी लोणीसाठी लिहिलेलं वाचायला बसले. काम सोपं होतं. दर अर्ध्या तासाने लॅबच्या फायली एकेक करून उचलायच्या, त्यातले आकडे नीट मांडून नवी फाईल दुसऱ्या खोलीत (कॉम्प्युटरमधल्या फोल्डरला बाई खोलीच म्हणायच्या) ठेवायची, मूळची पुसून टाकायची. दुपारी बाराला त्या खोलीतल्या फायली डॉक्टरांकडे जायच्या. आत कोण, बाहेर कोण, हे मी सांगितलं.

'आणि कोणीच आलं नाही तर?'

'मग काही नाही,' मी म्हणाले. 'काही होत नाही.'

'कोपऱ्यातल्याला विचारलंत?'

मी मान हलवली. होकारार्थी. विचारलेलं नव्हतं. सोय चालू करणारी ओळ मी लिहिली होती, माझ्या लॅपटॉपवर ती चालत होती, आणि स्टुलावर बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. बाईंनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं, समासात काहीतरी लिहिलं आणि कागद फोल्डरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या डोळे तपासायला गेल्यामुळे आल्या नाहीत. मी शनिवारी ऑफिसातूनच ते लोणीच्या मशीनवर चढवलं.

रविवारी तिथली लॅब बंद असते. कोणीच आलं नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी लोणीच्या मशीनवर डोकावले. खोलीत सकाळपासूनचे सदतीस रिपोर्ट होते आणि सगळ्यांत वर एक रिकामी फाईल होती. तिचं नाव चांदणीने सुरू होत होतं. जुन्या शेलला माझी सोयीची ओळ कळली नव्हती, त्याने ती सोडून दिली होती आणि रविवारी चांदणीलाच आत बसवलं होतं. बाई शेजारीच होत्या. चार पावलांवर. त्यांना हाक मारली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण हाक मारायची म्हणजे त्या मान हलवण्याबद्दल सांगायचं. मी ठरवलं, ती रिकामी फाईल गुपचूप पुसून टाकू. मी पुसण्याचा हुकूम लिहिला, पुढे तिचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

चांदणीचा अर्थ, सगळे. नावात चांदणी असलेली तेवढीच फाईल पुसायची असेल, तर ती अवतरणचिन्हांत कोंडावी लागते. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. खोली रिकामी झाली. अडतीसच्या अडतीस. मूळच्या फायली तर माझ्याच हुकुमाने आधीच पुसल्या गेल्या होत्या.

मग मी बाईंना हाक मारली. पुसलं कसं, ते सगळं सांगितलं. मान हलवण्याचं सांगितलं नाही. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि टेबलाखालच्या खोक्यावरून पाय उतरवून चपला घातल्या. 'चला.' मला वाटलं सरांच्या केबिनमध्ये. सर म्हणजे आमचे मालक. पण त्या जिना उतरायला लागल्या होत्या.

आम्ही सोलापूर रस्त्याने लोणीला जाणारी बस पकडली. तिकिटं काढताना त्या म्हणाल्या, तुमचं मी काढते.

लॅबमध्ये शिंदेताई नावाच्या तंत्रज्ञ होत्या. मी कशीबशी सुरुवात करत होते तेवढ्यात त्यांनी एक जाड वही पुढे सरकवली. 'एवढं काय घाबरायचं. चिठ्ठ्या हायेत की. मशीन चिठ्ठी काढतंय, मी चिकटवते. कंप्युटरचा काय भरवसा हाय का?' बाई पहिल्यांदा हसल्या. 'ताई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला का नाही येत?'

आम्ही दोघी ते आकडे टाइप करत बसलो. बाई वाचायच्या, मी टाइप करायचे, मग मी वाचायचे, त्या तपासायच्या. माझा आवाज त्या दिवशी नीट निघत होता. ऐकू गेलं नाही तर कोणाच्या तरी हिमोग्लोबिनचा आकडा चुकेल, एवढंच डोक्यात होतं. दोन वाजता छत्तीस रिपोर्ट झाले. सदतिसाव्याची चिठ्ठी नव्हती. त्या वेळी यंत्रातला कागदच संपला होता आणि नमुनाही टाकून दिला होता. शिंदेताईंनी त्या माणसाला फोन केला. गावातलेच होते, वयस्कर, फुलांच्या मळ्यावर काम करणारे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी यायला हवं होतं.

बाई म्हणाल्या, 'उद्या सकाळी तुम्ही या. त्यांना कारण सांगायला कोणीतरी हवं.'

मी गेले. एकटी, सकाळच्या बसने. ते गृहस्थ बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले की तुमचा कालचा रिपोर्ट मी चुकून पुसला, म्हणून तुम्हाला परत सुई टोचून घ्यावी लागतेय. त्यांनी बाही आधीच वर सारली होती. 'रगात काय, व्हतंय परत,' ते म्हणाले. 'च्या पिऊन आलो नाय, एवढंच जड गेलं.' मी त्यांचं होईपर्यंत थांबले आणि मग टपरीवरून चहा आणून दिला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. त्याच दुपारी सरांनी आम्हाला बसवलं आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले की जुन्या शेलला ती नवी सोय कळत नाही, त्यामुळे तशी फाईल तयार झाली. यातला शब्द न् शब्द खरा होता. सर म्हणाले, म्हणजे खरा प्रॉब्लेम ते मशीन आहे. निनाद म्हणाला, सर, मी किती दिवस तेच सांगतोय. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी खाली पाहिलं. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. सरांनी रुग्णालयाच्या विश्वस्तांना पत्र लिहिलं, कोणीतरी देणगी दिली, लोणीला नवं मशीन आलं. कोपऱ्यातलं मशीन भंगारवाल्याने नेलं. चादर बाईंनी घडी करून पिशवीत ठेवली. बाईंचा करार दर मार्चला पुढे चालू व्हायचा. त्या मार्चला झाला नाही. सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं. बाहेर आल्यावर त्या आम्हाला म्हणाल्या, 'बरोबरच आहे. आता जुनं वाचायला काही उरलं नाही.' मी माझ्या पडद्याकडे बघत राहिले. मशीनला बोल लावून मी स्वतःला वाचवलं होतं, आणि मशीनबरोबर बाई गेल्या होत्या.

निरोपाला केक होता, पुष्पगुच्छ होता. बाईंनी भाषण केलं नाही. येत्या रविवारी दहा वाजता शनिवार पेठेत माझ्याकडे पोहे आहेत, एवढं म्हणाल्या. 'येणाऱ्यांनी या. न येणाऱ्यांनी कळवायची गरज नाही.'

न येणाऱ्यांनी तरीही कळवलं. रविवारी सकाळी ग्रुपवर एकामागून एक कारणं येत होती. पाहुणे, ताप, सर्व्हिसिंगला दिलेली गाडी. मी त्यांच्या इमारतीसमोरच्या दुकानात दहा मिनिटं वह्या चाळत उभी राहिले आणि मग दुसरा मजला चढले.

बाईंनी दार उघडलं. माझ्या मागे जिन्यावर पाहिलं. 'किती जण?'

'मी एकटीच.'

'मग दोन वाट्या पुरे.'

स्वयंपाकघरात कांदा चिरून झाकून ठेवला होता, मिरच्या, कढीलिंबाची पानं, खोवलेलं खोबरं, सगळं ओळीने मांडलेलं. पोहे तेवढे डब्यात कोरडेच होते. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. 'आधी भिजवून ठेवले आणि कोणीच आलं नाही, तर लगदा होतो,' त्या म्हणाल्या. त्यांनी दोन वाट्या पोहे चाळणीत घेतले आणि नळ सोडला.

त्यांची पाठ माझ्याकडे होती. पाठीशी बोलणं मला सोपं जातं. मी म्हणाले, 'बाई, त्या शुक्रवारी मी कोपऱ्यातल्या मशीनवर चालवून बघितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा नुसती मान हलवली होती.'

त्यांनी नळ बंद केला. 'माहीत आहे.'

चाळणी निथळत ठेवून, हात पुसून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि फोल्डर घेऊन आल्या. माझा कागद होता. तिसऱ्या प्रश्नाच्या जागी, समासात, लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'मान हलवली. उद्या पुन्हा विचारणे.'

मी विचारलं, मग मीटिंगमध्ये का नाही बोललात.

'तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते,' बाई म्हणाल्या. 'आणि हे काय लिहिलंय बघा ना. विचारणे. विचारलं कोणी? दुसऱ्या दिवशी डोळ्यांत थेंब घालून घरी बसले, आणि सोमवारी विसरले. तुमच्याकडे बोट दाखवायचं तर आधी हा कागद लपवावा लागला असता.'

'मी तेव्हा बोलले असते तर...'

'तर मशीन गेलंच असतं. आज ना उद्या. एखाद-दोन वर्षांनी.' त्यांनी कढईत तेल घातलं. 'तेवढी वर्षं मी तुमचे कंस तपासत बसले असते.' मोहरी घातली, ती तडतडू दिली. 'ते मला आवडलं असतं. मिरची चालते ना?'

मला त्यांनी 'जाऊ द्या' म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. पोहे मात्र आग्रहाने दोनदा वाढले, वर खोबरं घातलं, लिंबाची फोड ठेवली. निघताना मी तो कागद मागितला. त्यांनी दिला नाही. 'यात माझी चूक आहे, ती माझ्याकडे राहू दे. तुमची तुम्ही लिहा.'

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, आता काय त्याचं. खरंच, आता काहीच नव्हतं.

बाई हल्ली नाशिकला भाचीकडे असतात. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मी अजून त्याच ऑफिसात आहे आणि नव्या आलेल्यांचं वाचन मी घेते. आमच्याकडे आता सगळी शेलं नवी आहेत. ही नवी म्हणजे आणखी काही वर्षांनी जुनी होतील ती. मुलं कंटाळतात. एक मुलगी आहे, जालन्याची, फार हळू बोलते. मी विचारते, कोणीच आलं नाही तर? ती मान हलवते. मी पेन खाली ठेवते, खालचे ठोके थांबेपर्यंत थांबते आणि पुन्हा विचारते.

माझी चूक मी वर लिहिली आहे. बाई पडद्यावरचं वाचत नाहीत, म्हणून कागदावर छापून नाशिकला पाठवते आहे. समास नेहमीपेक्षा रुंद सोडला आहे.